नखाला लागणारी रेघ

अनंत मुळावकर आणि मी आर्णीत एकाच गल्लीत राहतो आणि एकाच सरकारी कचेरीत बसतो. कचेरी कोणती ते सांगत नाही, कारण माझी अजून सहा वर्षं नोकरी आहे. पिकांची पाहणी करायची आणि कागद वर पाठवायचा, हे आमचं काम. अनंतचं अक्षर सुरेख, रकाने सरळ, बेरीज कधी चुकत नाही. त्यामुळे त्याच्या सहीखाली सही करताना मी कागद वाचत नसे.

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आतून खाल्ली, त्या वर्षी दसऱ्याला अनंतनं नागपूरच्या मावसभावाकडून जुनी गाडी घेतली. त्यासाठी स्कूटर विकली. गाडी निळी आहे असं कागदपत्रांत लिहिलं होतं. प्रत्यक्षात बारा वर्षं उन्हात उभी राहून तिचं बॉनेट ताकासारखं पांढुरकं झालं होतं. गॅरेजवाला म्हणाला, रंग द्या. पण अनंत शिकल्या-सवरल्या घरातला. त्या घरात तीन पिढ्या कुणी कारागिराच्या शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहायला सुरुवात केली.

आठ दिवसांत तो या विषयातला जाणकार झाला. रंगावर एक पारदर्शक लेप असतो, फार पातळ. ओरखडे बहुतेक त्या लेपातच असतात. पॉलिश करणं म्हणजे वरून काही फासणं नव्हे, तर ओरखड्याच्या तळापर्यंत तो लेप घासून सपाट करणं. हे त्यानं मला चहाच्या टपरीवर दोनदा आणि कचेरीत चारदा सांगितलं.

“आणि मुख्य म्हणजे नख,” तो म्हणायचा. “रेघेवर आडवं नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर रेघ पॉलिशनं जाते. नखाले लागली तर विसरून जायचं. ती खोल गेली.”

पॉलिशचं मशीन कुरियरनं आलं. त्याच्यासोबत फोमच्या गोल चकत्या, पांढऱ्या मलमाच्या दोन बाटल्या आणि मऊ फडकी. गाडीवर हात टाकण्याआधी सराव हवा, म्हणून अनंतनं घरातला फ्रीज धरला. एकाच जागी इतका वेळ मशीन फिरवलं की दाराचा रंग संपला. मंजुषा वहिनी शाळेत गणित शिकवतात, आवाज चढवत नाहीत.

“अहो, खालचं लोखंड दिसून राह्यलं.”

“शिकताना होते तसं.”

“मग तुमच्या आईच्या कपाटावर शिका. फ्रीज माझ्या बाबांनी दिला आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यानं चकतीवर मलम घेतलं आणि मशीन हवेतच सुरू केलं. मलम भिंतीवर, वाळत घातलेल्या साड्यांवर आणि कुंपणापलीकडे पेपर वाचत बसलेल्या माझ्यावर उडालं. त्या दिवशी आम्ही दोघंही शिकलो की आधी चकती पत्र्याला टेकवायची आणि मगच बटण दाबायचं.

तरी जमेना. कुठं फार घासलं जाई, कुठं हात पोचतच नसे. मग त्याला कचेरी आठवली. उत्पन्नाचा अंदाज काढायला आम्ही शेतात दोरी लावून चौकोन आखतो आणि तेवढ्यातलं पीक मोजतो. अनंतनं बॉनेटवर चिकटपट्टी लावून चौकोन पाडले, त्यांना क्रमांक दिले आणि रजिस्टर सुरू केलं. ‘प्लॉट क्र. ३, बॉनेट, डावी बाजू. नुकसान साठ टक्के. उपचारानंतर चार टक्के.’ प्रत्येक चौकोनात आधी आडवे हात, मग उभे हात, मग पुसून टॉर्च तिरपा धरून तपासणी. त्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसायच्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत तो पुढच्या चौकोनाला जात नसे. कचेरीतल्या कुठल्याही कामात मी त्याला इतकं इमानदार पाहिलं नव्हतं, आणि स्वतःला तर मुळीच नाही.

नोव्हेंबर संपताना गाडी झाली. अंगणातलं कडुनिंबाचं झाड बॉनेटमध्ये पानापानासकट दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला.

बिघडलं ते इथून पुढे. अनंत गाडीला घाबरू लागला. वहिनींना बांगड्या सावरून दार उघडावं लागे. मला अंगठी काढून बसावं लागे. धुळीच्या रस्त्याला तो जात नसे, आणि आमच्या भागात दुसरे रस्ते मोजकेच.

नेमका तेव्हा बोंडअळीच्या पाहणीचा आदेश आला. आमच्या दोघांच्या वाट्याला जांभूळधाव आलं. नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर असेल तर गाव मदतीच्या यादीत, आत असेल तर बाहेर. डांबरी रस्त्यापासून गाव दोन किलोमीटर आत. पांदणीची वाट, दोन्ही बाजूंनी बाभळी वाटेवर झुकलेल्या. अनंतनं फाट्यावर गाडी थांबवली आणि बाभळींकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं.

“इथूनच दिसते की,” तो म्हणाला. “हिरवंगार आहे.”

खरंच हिरवंगार होतं. कमरेएवढी पऱ्हाटी, बोंडांनी लगडलेली. पण ही अळी बोंडाच्या आत असते, बोंड वरून साजरं दिसतं, फोडल्याशिवाय काही कळत नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. हेच छापलेली पत्रकं आम्ही दोघांनी गावोगाव वाटली होती.

“अठ्ठावीस टक्के लिहू,” अनंत म्हणाला आणि सुरेख अक्षरात लिहिलं. फाट्यावरच्या टपरीत बसलेल्या दोघांनी पंच म्हणून अंगठे दिले. अनंतनं सही केली. त्याखाली मी केली, न वाचता. भजी गरम होती, ती खाल्ली आणि उजेड असतानाच घरी आलो. त्यानं लगेच गाडी पुसायला घेतली.

चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, जांभूळधावची तानाबाई आली. साठीची बाई, तीन एकर पऱ्हाटी. पहिल्या वेचणीनंतर तिच्या घरात कापूस आलाच नव्हता, आणि पुढच्या पेरणीला बियाणं मिळतं की नाही ते त्या यादीवर ठरणार होतं. यादी शुक्रवारी पक्की व्हायची होती. बाई पहिल्या एसटीनं डोक्यावर गाठोडं घेऊन आली, आणि अनंतच्या अंगणात तिला एकच स्वच्छ जागा दिसली. तिथं तिनं ते ठेवलं.

“बाई, तिथं नको! तिथं नको!” अनंत दात घासता घासता धावला.

तानाबाईनं गाठोडं सोडलं. बोंडं बॉनेटवर घरंगळली.

“साहेब, तुमी अठ्ठावीस लिवले म्हन्तेत. कायचे अठ्ठावीस ते मले सांगा. हे रस्त्याकडचेच बोंडं आनले, जे तुमी गाडीतून पाह्यले थेच. मी फोडून राह्यली, तुमी मोजा.”

तिनं अंगठ्याचं नख बोंडाच्या शिवणीत घातलं आणि बोंड उकललं. आत कापसाची काळपट, चिकट कवडी झालेली आणि गुलाबी अळी. अळी बॉनेटवर पडली आणि चालू लागली. बॉनेट इतकं लख्ख होतं की एकीच्या दोन दिसत होत्या. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. वीस बोंडांत सतरा किडकी निघाली.

“वरून चांगलंच दिसते जी,” ती म्हणाली. “म्हनून तं नख लावा लागते.”

अनंतच्या तोंडातला फेस तसाच होता. मी कुंपणाशी उभा होतो आणि मला अतिशय लाज वाटत होती. टॉर्च तिरपा धरून केसाएवढी रेघ शोधणारा माणूस हा, आणि त्याच्या खाली सही करणारा मी. वहिनींनी तानाबाईला चहा दिला, आम्हा दोघांना दिला नाही.

अनंतनं चूळ भरली. “बसा गाडीत,” तो तिला म्हणाला, आणि मला म्हणाला, “तू पण चल.” अंगठी काढ म्हणाला नाही.

पांदणीत शिरल्यावर बाभळींनी गाडीला दोन्ही अंगांनी फाडून काढलं. प्रत्येक आवाजाला अनंत खांदे आवळायचा, पण थांबला नाही. बारा शेतं पाहिली, दोरी लावून, चौकोन पाडून, बोंडं फोडून. संध्याकाळी आमच्या नखांत काळी घाण होती आणि कागदावर एकाहत्तर टक्के. या वेळी मी वाचून सही केली.

सुधारलेला कागद शुक्रवारी गेला. अठ्ठावीसचे चार दिवसांत एकाहत्तर झालेले पाहून वर शंका आली, आणि ती येणारच. पुढच्या आठवड्यात मोठे साहेब आम्हा दोघांना सोबत घेऊन स्वतः तपासायला निघाले. त्यांची सरकारी गाडी पांढरी, सकाळीच धुतलेली. ड्रायव्हर लखीरामनं ती त्याच फाट्यावर थांबवली, कारण बाभळी त्यालाही दिसत होत्या. बांधावर तानाबाई आणि गावातली पंधरा-वीस माणसं उभी होती.

साहेब खाली उतरले, कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, “हिरवंगार तर आहे. पहिलाच आकडा बरोबर होता मुळावकर. दुसरा कोणी लिहायला लावला?”

अनंत शेतात उतरला, रुमालभर बोंडं तोडली आणि रुमाल साहेबांच्या बॉनेटवर रिकामा केला. साहेब “अहो, अहो” करत राहिले. तो नखानं एकेक बोंड उकलत गेला आणि अळ्या पांढऱ्या पत्र्यावर ओळीनं ठेवत गेला. एक बोंड हातानं फुटेना. त्यानं कडेचा गिट्टीचा खडा उचलून ठोकलं. बोंड फुटलं, खडा सटकला आणि बॉनेटवर वीतभर रेघ उठली. त्या बोंडात तीन अळ्या होत्या.

“मोजा साहेब,” अनंत म्हणाला. “कोणी लिहायला लावलं नाही. पहिला आकडा गाडीतून लिहिला होता. तो माझाच आहे.”

“माझाही आहे,” मी म्हणालो. आयुष्यात इतकं हळू कधी बोललो नसेन.

साहेबांनी अळ्या मोजल्या. माणसं बघत होती, त्यामुळे मोजाव्याच लागल्या. एकाहत्तर कायम झाले आणि जांभूळधाव यादीत गेलं. पंधरा दिवसांनी अनंतला कारणे दाखवा नोटीस आली. खोट्या पाहणीबद्दल नव्हे, त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. विषय होता, ‘शासकीय वाहनाच्या रंगास पोचविलेली हानी’. त्यानं सुरेख अक्षरात उत्तर दिलं की सदर हानी तो स्वतःच्या घरी, स्वतःच्या यंत्राने दुरुस्त करून देईल.

रविवारी लखीराम गाडी घेऊन आला. अनंतनं चौकोन पाडले, टॉर्च लावला आणि दुपारपर्यंत मशीन फिरवलं. बाजूला त्याची निळी गाडी बाभळीचे ओरखडे घेऊन उभी होती. सरकारी गाडी मात्र नव्यासारखी झाली. तेवढी एक वीतभर रेघ बॉनेटच्या मधोमध राहिली, बरोबर तिथं, जिथं मागच्या सीटवरून समोर बघितलं की नजर जाते.

“थे काहून राह्यली जी?” लखीरामनं विचारलं. “साहेब इचारतीन.”

“साहेबांना सांग, नखाले लागते,” अनंत मशीनची वायर गुंडाळत म्हणाला. “नखाले लागणारी रेघ पॉलिशनं जात नाही.”

लखीरामनं माझ्याकडे पाहिलं. मी जवळ गेलो. रेघ झाकायला लावलेल्या चिकटपट्टीचा डिंक तिच्या दोन्ही बाजूंना अजून चिकट होता. मी रेघेवर आडवं नख फिरवलं. नख गुळगुळीत निघून गेलं, कुठंच अडकलं नाही.

“लागते,” मी म्हणालो.