सुती नको

आमच्या आवाहनातलं तिसरं वाक्य माझं एकटीचं होतं. ‘कृपया लोकरीचंच द्या, सुती नको, सुती कापड ओलं झालं की त्या हवेत वाळत नाही, आणि अंगातली ऊब घालवतं.’ बाकीचा मजकूर आम्ही चौघा डॉक्टरांनी मिळून लिहिला. या वाक्यावर मात्र मी अडून बसले होते, म्हणून ते अजून तोंडपाठ आहे.

तेव्हा मी दिल्लीत आर. के. पुरमजवळच्या एका सरकारी दवाखान्यात लहान मुलांची डॉक्टर होते. नवरा मंत्रालयात, सासूबाई नुकत्याच बार्शीहून कायमच्या आमच्याकडे आलेल्या. घरोघर केबल आलं होतं, कॉलनीत स्कूटर जाऊन मारुती येत होत्या, आणि ज्याला बघावं तो शहराच्या टोकाला नव्याने वसणाऱ्या द्वारकेच्या फ्लॅटबद्दल बोलत होता. आम्हालाही सोसायटीत फ्लॅट मिळाला होता. चावी हातात आली, पण नळाला पाणी नाही, त्यामुळे तो रिकामाच पडून होता.

त्या सुमाराला सरहद्दीजवळच्या गावांवर तोफांचा मारा होत होता आणि तिथली कुटुंबं खालच्या अंगाला तंबूंत आणून ठेवली होती. माझा कॉलेजातला एक वर्गमित्र तिथल्या छावणीत डॉक्टर होता. ऑक्टोबरात त्याचं पत्र आलं. औषधं थोडीफार आहेत, पण मुलांना पांघरायला काही नाही, बर्फ पडला की रस्ता बंद होतो, त्याआधी काय ते पाठव. खाली एक ओळ होती: ‘काल तंबूत एक बाई बाळंत झाली. मुलगी आहे, सव्वादोन किलोची. निदान तिच्यापुरतं तरी पाठव.’

ती ओळ मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. तेवढं करायला नको होतं.

आवाहन आम्ही दवाखान्यांत, शाळांत, सोसायट्यांच्या फलकांवर लावलं. लोकांनी दिलं, नाही असं नाही. पण दिल्लीकर दान करतो म्हणजे कपाट आवरतो. नायलॉनच्या साड्या आल्या, कुणाचा तरी लग्नातला कोट आला, जरीचे फ्रॉक आले. मी मुळातच खाष्ट; दोन-चार जणींना तिथल्या तिथे परत पाठवलं. शेवटी पानिपतच्या एका कारखानदाराने कांबळ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिले. परदेशातून गाठोड्यांनी आलेले जुने स्वेटर फाडून, पिंजून, त्या धाग्याची विणलेली. राखाडी, टोचरी, तेलकट वासाची, पण लोकरीची. ती द्वारकेच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये नेऊन रचली.

इकडे सासूबाईंनी वेगळंच काढलं होतं. आल्यापासून त्या गप्प गप्प असायच्या. हिंदी येईना, भाजीवाल्याशी बोलायचं तरी नातवाला बरोबर न्यायच्या, आणि त्या नातवाला ‘परकर’ म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. पत्रातली ओळ ऐकल्यावर त्यांनी कॉलनीतल्या मराठी बायका गोळा केल्या आणि आमच्या बैठकीत सतरंजी घालून गोधड्या शिवायला बसवल्या. जुनी लुगडी, धोतरं, साड्या, सगळं धुऊन मऊ झालेलं सूत. बारीक धावदोरा. चार कोपऱ्यांना चार त्रिकोणी ठिगळं, कारण त्यांच्याशिवाय गोधडी नागडी दिसते म्हणे. घरात हसणं-खिदळणं सुरू झालं. सासूबाई बायकांना दटावायला लागल्या, म्हणजे त्यांचं आता बरं चाललंय हे मी ओळखलं.

एकदा मी म्हटलं, “आई, तिकडे बर्फ असतो. सुती चालत नाही.”

“अगं, गोधडीत माझी पाच पोरं वाढली,” त्या म्हणाल्या. “एकाला कधी साधा खोकला नाही.”

बार्शीची थंडी ती काय! पण हे मी बोलले नाही. त्यांच्या मांडीवर त्या मुलीसाठी खास शिवलेली दोन हातांची गोधडी होती, त्यांच्या ठेवणीतल्या इरकल लुगड्याची. मी स्वयंपाकघरात गेले.

नोव्हेंबरात ट्रक मिळाला. तो आधी औषधं आणि स्टोव्ह भरून आमच्या दारात आला; इथल्या गोधड्या घेऊन मग कांबळ्यांसाठी द्वारकेला जायचं ठरलं होतं. ड्रायव्हरने मागचं फळकूट पाडून आत बघितलं.

“मैडम, जगह इतनी ही है। या तो ये जाएगा, या वो। दूसरा हफ़्ते भर में ले जाऊँगा।”

मी बघितलं. बायका हळदीकुंकवाची कोयरी घेऊन जिन्याशी उभ्या होत्या. सासूबाईंनी टायरवर नारळ फोडला, ड्रायव्हरच्या हातावर खोबरं ठेवलं, आणि येऊन दोन महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःहून हिंदी बोलल्या. “भैया, संभाल के, हं.” सगळ्या हसल्या. त्याही हसल्या.

“ये ले जाओ,” मी म्हटलं. “वो अगली बार।”

मनात हिशेब सोपा होता: आठवडाभराचा तर प्रश्न. मला माझं तिसरं वाक्य त्या वेळी आठवत होतं. विसरले असते तर आज बरं सांगता आलं असतं.

ट्रक पोचला, आणि चौथ्या दिवशी बर्फ पडला. रस्ता बंद झाला तो महिनोन् महिने उघडला नाही. कांबळी द्वारकेला तशीच.

फेब्रुवारीत हेलिकॉप्टरच्या टपालातून वर्गमित्राचं पत्र आलं. गोधड्या फार सुंदर होत्या, असं त्याने आधी लिहिलं होतं. तंबू गळायचे, गोधड्या भिजायच्या, बाहेर टाकल्या की गोठून पाटासारख्या उभ्या राहायच्या. पुढे लिहिलं होतं, ‘ती मुलगी जानेवारीत गेली. न्यूमोनिया. लोकरीचं असतं तर वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या खेपेला लोकरीचंच पाठव.’

मी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. रडू आलं नाही. येईल येईल म्हणून मी काही दिवस वाट पाहिली, तरीही आलं नाही. नुसतं बधिर वाटायचं, आणि कामं नीट होत होती.

“पत्र आलं का गं?” संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं.

“आलं. गोधड्या फार आवडल्या त्यांना.”

“आणि ती पोर?”

“बरी आहे.”

तिथपासून ती वाढू लागली. दर थंडीत सासूबाई विचारायच्या. एका वर्षी ती चालायला लागली, एका वर्षी शाळेत गेली. तिचे पुढचे दात पडल्याचं तर मी न विचारताच सांगितलं.

पुढे द्वारकेला पाणी आलं आणि आम्ही राहायला गेलो. कांबळी केव्हाच दुसऱ्या एका छावणीला गेली होती. तळाचं एक मात्र कोपऱ्यात राहून गेलं होतं. सासूबाई शेवटच्या आजारपणात बाल्कनीच्या उन्हात पडून असायच्या, तेव्हा रजाईचं ओझं त्यांना सोसेना. एका दुपारी मी ते कांबळं काढून त्यांच्या अंगावर घातलं. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला.

“टोचतंय जरा. पण ऊब बरी आहे गं. कुठलं?”

“पानिपतचं.”

त्यांनी कड उलटून वीण बघितली. मग म्हणाल्या, “असलं एखादं त्या पोरीला पाठवायचं होतंस. आमची गोधडी कसली पुरणार तिकडे.”

“पाठवलं होतं, आई.”

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि कांबळं गळ्यापर्यंत ओढून घेतलं.