गोड्या पाण्याची भिंत

अख्ख्या पनवेलमध्ये भिंतीच्या बाजूने भांडणारं माणूस एकच, आणि ती माझी बेलपाड्याची आत्या आहे, हे मी छाती पुढे काढून सांगते. आम्ही कार्यकर्ते माणसांसाठी भांडतो, ती ओल आलेल्या भिंतींसाठी. घरात पुराचं पाणी शिरो नाहीतर छत गळो, लोक आधी रंगारी बोलावतात, म्हणजे रोग झाकतात. आत्या आणि तिच्या चार बाया प्लास्टर खरवडून विटा उघड्या पाडतात आणि सुकेपर्यंत कुणाला ब्रश लावू देत नाहीत. एका बंगलेवाल्याचं सागवानी पॅनेलिंग तिने त्याच्यादेखत उचकटलं. बाजारातल्या कापडवाल्याला तर ऐन गणपतीत उघड्या विटांच्या दुकानात बसवलं. "एक हात तरी मारू द्या हो मावशी, बाप्पा येतायत," तो काकुळतीला आला. "बाप्पाला ओल दिसत नाय काय?" आत्या म्हणाली. टॉवरमधल्या फ्लॅटात शिरली की "वरती कोन रातं?" हा तिचा पहिला प्रश्न, चहा नंतर. आणि सगळ्यात मोठं खूळ म्हणजे ती भिंत चाखते. ओल्या प्लास्टरवर बोट फिरवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे. मग थुंकून निकाल. खारट म्हणजे खाडीचं पाणी घराच्या पायातून चढतंय, गोडं म्हणजे नळाचं, वरून उतरतंय.

खाडीजवळच्या एका चाळीत तळमजल्यावर हमीदाचाची शिलाई मशीन चालवून पोट भरतात. त्यांची भिंत ओली झाली तेव्हा मालकाने फर्मान काढलं, खोली धोकादायक आहे, खाली करा. माझं डोकं फिरलं. कसलीही चौकशी न करता मी पत्रक काढलं, 'मालकाने नाला बुजवला, खाडी गरिबांच्या घरात!' आणि घरोघर वाटलं. पाहणीला पालिकेचे इंजिनिअर आले तेव्हा साक्षीदार म्हणून आत्याला उभं केलं. तिने भिंत चाखली.

"गोडं हाय."

"आत्या, नीट चाख ना," मी कुजबुजले.

"तू चाख. वरच्याचा पाइप फुटलाय."

वर राहत होते आमच्याच भाडेकरू समितीचे सेक्रेटरी! मालक खो खो हसला. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

"दात काय काढतोस रं?" आत्या त्याच्याकडे वळली. "खाडी पायात शिरली असती तर खोली गेली असती. पाया धड हाय. पाइप बदल, भिंत सुकंल. आता बाईला कशापायी काढतोस, सांग सायबाला!"

मालकाचं हसू तिथेच आटलं. म्हणजे माझं पत्रक खरं ठरलं असतं, तर चाचींना बेघर मीच केलं असतं. इंजिनिअरांनी 'दुरुस्ती शक्य' असा शेरा लिहिला. चाचींनी आत्याचे हात धरले, "अल्ला तुमाला सलामत ठेवो, बाई." आत्या म्हणाली, "ते मागून. आदी मशीन सरकव, प्लास्टर खरवडायचंय."

भिंत सुकायला उन्हाळा उजाडला. चाची अजून तिथेच आहेत. मी अजून पत्रकं लिहिते, तावातावानेच लिहिते. पण छापायला देण्याआधी बेलपाड्याला जाऊन आत्याला वाचून दाखवते. हल्ली तिला कमी ऐकू येतं, तरी मध्येच हात वर करते, "ह्ये तुला कोनी सांगितलं?" पुष्कळदा मी ती ओळ तिथेच खोडते आणि चौकशीला निघते.