एकटीसाठी घर: केम ते भवानी पेठ

पुणे स्टेशनवर दादा डबा घेऊन आला तेव्हा गाडी सुटायला दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत त्याने तीन वेळा तेच सांगितलं. "चार दिवस फिरून ये, हवापालट होईल. मग हे खूळ डोक्यातून काढून टाक. आमच्याकडे तुझी खोली तयार आहे."

ती खोली मला चांगली माहीत होती. स्वयंपाकघराला लागून, धान्याच्या डब्यांची. वहिनीचे गुडघे धरलेले, सून नोकरीला जाणारी, नातू अजून शाळेच्या वयाचा नाही. माझ्या निवृत्तीची वाट माझ्यापेक्षा तीच मंडळी जास्त आतुरतेने पाहत होती. गाडी हलली तेव्हा दादा खिडकीबरोबर चार पावलं चालला आणि म्हणाला, "एकटी बाई कुठे राहणार आहेस तू?" मी डबा उघडला, कारण भूक लागली होती.

मी मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका. तीस वर्षांहून जास्त नोकरी झाली, आता पुरुषांचा एक वॉर्ड माझ्याकडे आहे. दीड वर्षाने निवृत्त होईन त्या दिवशी क्वार्टरची किल्ली परत करायची आहे. मुंबईत पागडी देऊन खोली घेणं माझ्या आवाक्यातलं नाही आणि तिथली दमट हवा माझ्या दम्याला सोसत नाही. डॉक्टर म्हणाले, कोरड्या मुलखात जा. तेव्हा सोलापूरकडचा विचार मनात आला. आमच्या वॉर्डातली आया तानूबाई केमची. तिने भावाला पत्र टाकलं. दुधनीचे बसप्पाशेठ दोन वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डात महिनाभर होते. जाताना त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "सिस्टर, आमच्या गावी घर रिकामं आहे. कधीही या." या दोन आधारांवर मी आठ दिवसांची रजा टाकून निघाले होते.

केमला उतरले तेव्हा दिवस कलत आला होता. तानूबाईचा भाऊ निवृत्ती स्टेशनवर आला होता. माझी पिशवी त्याने हातातून घेतली आणि आम्ही चालत गावात गेलो. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तरी सरकारी दुष्काळी कामावर फोडलेली खडी रस्त्याकडेला तशीच पडलेली दिसत होती. "ही आमीच फोडली," निवृत्ती म्हणाला. "खडीवर सगळं गाव हुतं."

केमला कुंकू बनतं. सकाळी उठून पाहते तो शेजारच्या अंगणात लाल सडा पसरलेला आणि बायका त्यात हात घालून बसलेल्या, कोपरापर्यंत रंगलेल्या. इतकं लाल मी फक्त शस्त्रक्रियेच्या खोलीत पाहिलं होतं, पण हे लाल आनंदाचं होतं. त्यातल्या एकीने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्याकडे, आणि निवृत्तीच्या बायकोला, शेवंताला, माझ्यासमोरच विचारलं, "कुंकू हाय आन् मंगळसूत्र न्हाय, ह्ये कसं?"

शेवंता ओशाळली. मी हसून सांगितलं, लग्न केलं नाही. ती बाई पुन्हा कुंकू चाळू लागली.

निवृत्तीने दाखवलेलं घर छान होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे आड. घरमालकांना सगळे आबा म्हणत. पांढरा फेटा, स्वच्छ धोतर, चेहरा प्रेमळ. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "पाव्हणं कुटं हायती?"

"कोणते पाहुणे?"

"तुमचं मालक."

"मालक नाहीत. मी एकटीच आहे."

त्यानंतर आबा माझ्याशी बोलायचे थांबले. मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसलेली, आणि ते निवृत्तीला विचारत होते. "ह्यास्नी भाऊ हाय का?" "पुतण्या तरी आसंल की?" "भावाला म्हनावं, येऊन बसू द्या, सही करू द्या. मग आमची ना न्हाय."

"आबा," मी म्हणाले, "रुग्णालयात विषारी औषधांचं कपाट माझ्या ताब्यात आहे. त्यातला थेंब इकडचा तिकडे झाला तर माझ्या सहीला जाब विचारतात. तिथे माझ्या भावाला कोणी बोलावत नाही."

आबांनी मान डोलावली. निवृत्तीला म्हणाले, "बाई हुशार हाय. पर भाऊ येऊ दे."

परत जाताना मी इतकी भराभर चालले की मला गाठणं निवृत्तीला अवघड झालं. शेवंताने दुपारी ज्वारीची भाकरी आणि शेंगांची आमटी वाढली. मी जेवताना ती समोर बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमी आला आसता तर मला लई बरं झालं आसतं. हितं बाळंतीण आडली की गाडीत घालून न्यावी लागती. पर आबांचंबी खोटं न्हाय. लोकं तुमाला काय म्हनणार न्हाईत, आमाला म्हनतील." मला तिचा राग आला नाही. तिने निदान माझ्याकडे पाहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला उतरून लगेच दुधनीची गाडी मिळेना, म्हणून एका धर्मशाळेत रात्रीपुरती जागा मागितली. तिथल्या वहीत 'सोबत कोण' असा रकाना होता. कारकून म्हणाला, रकाना भरल्याशिवाय खोली देता येत नाही. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एकट्या पुरुषाचा रकाना त्याने रेघ ओढून भरला होता. माझ्यासाठी ती रेघ ओढायला त्याचा हात वळेना. शेवटी स्टेशनवरच्या बायकांच्या प्रतीक्षागृहात बाकावर पिशवी उशाला घेऊन पडले, आणि पहाटेच्या गाडीने पुढे निघाले.

दुधनी सीमेवरचं गाव. फलाटावरच मराठी मागे पडते आणि कानडी पुढे येते. बाजारात तुरीचे ढीग, पोत्यांच्या थप्प्या, गाड्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. बसप्पाशेठ आडतीच्या दुकानातून धावतच बाहेर आले. "बन्नी, बन्नी (या, या), सिस्टर." त्यांचा आनंद खरा होता. मला गादीवर बसवलं, कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही पुढे आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

घरही मनासारखं. दुकानामागे, मोठ्या कडुलिंबाच्या सावलीत, विहीर दारात. मी मनातल्या मनात खाट कुठे ठेवायची, स्टोव्ह कुठे, हे ठरवूनसुद्धा टाकलं. तेवढ्यात शेठ म्हणाले, "एक काम होतं. आमच्या अव्वाला (आईला) जरा बघता का?"

अव्वा आतल्या काळोख्या खोलीत होती. सहा महिने अंथरुणाला खिळलेली. कुशीवर वळवली तेव्हा पाठीच्या तळाशी तळहाताएवढी जखम दिसली आणि वास आला. घरात चार धडधाकट माणसं होती आणि कोणी तिला दोन दिवसांत वळवलं नव्हतं. मी पदर खोचला. पाणी उकळवलं, जुनं धोतर फाडून उकळून घेतलं, जखम स्वच्छ केली, चादर बदलली. दोन तास गेले. अव्वाने एकदाही हूं केलं नाही. फक्त माझं मनगट धरून ठेवलं.

बाहेर आले तर शेठांचे डोळे पाणावलेले. "सिस्टर, तुमचे हात देवाचे आहेत. मी घराचा विचार केला बघा. भाड्याने काही तुम्हाला देत नाही."

मला वाटलं, भाडं घेणार नाहीत. तसं मी चालू देणार नव्हते. पण ते पुढे म्हणाले, "एकट्या बाईला घर भाड्याने दिलं म्हटलं की बाजार बोलतो. त्यापेक्षा आमच्यातच राहा की. अव्वाच्या बाजूला खाट टाकतो. जेवणखाण सगळं घरचं. तुम्हालाही सोबत, तिलाही सोबत."

भाडं देऊन राहणारी बाई म्हणून बाजारात माझ्यावर बोट ठेवलं जाणार होतं, आणि त्याच वाड्यात बिनपगारी राबले तर मात्र मी घरची ठरणार होते. बाजाराला एकटी बाई चालत होती, फक्त तिच्या हातात स्वतःची किल्ली चालत नव्हती. आणि पुण्याची धान्याच्या डब्यांची खोली तरी याहून काय वेगळी होती?

"शेठ," मी म्हणाले, "तुम्ही वॉर्डात होता तेव्हा तुमची सेवा केली, तो माझा धंदा होता आणि त्याचा मला पगार मिळत होता. मी इथे घर बघायला आले आहे. कामाला राहायला आले नाही."

"तुम्ही वाईट वाटून घेतलं," ते म्हणाले, आणि खरोखर गोंधळलेले दिसले. त्यांना काय चुकलं ते कळलंच नाही. याचाच मला जास्त संताप आला. जाणूनबुजून अपमान करणाऱ्याशी भांडता तरी येतं.

तरी निघण्याआधी मी त्यांच्या सुनेला आत नेलं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठीला काय लावायचं, ते दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा तिच्याकडून करून घेतलं. अव्वाने पुन्हा मनगट धरलं आणि म्हणाली, "होगबेड (जाऊ नको)." मी सांगते, त्या एका शब्दाने माझा पाय अडखळला. आयुष्यभर मी याच शब्दाला थांबत आले आहे. त्या दिवशी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि स्टेशनचा रस्ता धरला.

सोलापूरला आले ती परतीचीच गाडी धरायची म्हणून. गाडीला अवकाश होता, तेव्हा वॉर्डातल्या नर्स मुलींसाठी दोन चादरी घ्याव्यात म्हणून भवानी पेठेकडे गेले. गल्लीत शिरल्यापासून मागांचा खडखडाट. दोऱ्यांवर रंगवलेलं सूत वाळत घातलेलं, कुठे जांभळं, कुठे हिरवं. बायका दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या आणि आपसांत तेलुगू बोलत होत्या. एका दारातल्या बाईकडून चादरी घेतल्या. नरसम्मा तिचं नाव, वय माझ्याएवढंच असावं. वरच्या मजल्याची खिडकी बंद दिसली म्हणून सहज विचारलं, "वर कोणी राहतं का?"

"मुलगा राहायचा. भिवंडीला गेला बायकोला घेऊन. रिकामी हाय खोली." तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कुणाला पाहिजे? तुम्हाला? एकट्याच हाय की काय?"

झालं. आबा, धर्मशाळेचा कारकून, बसप्पाशेठ, दादा, या सगळ्यांवरचा राग मी त्या बिचारीवर काढला. भर गल्लीत मी म्हणाले, हो, एकटी आहे. नवरा नाही, कधी नव्हता. भाऊ आहे, पण तो येऊन सही करणार नाही. मी नर्स आहे, माझं पेन्शन माझं आहे आणि माझी सही मला येते. तुम्हाला चालत नसेल तर तसं सांगा, पण माझ्या सोबत कोण आहे ते पुन्हा विचारू नका. दम लागला आणि मी तिच्या उंबऱ्यावरच बसले. शेजारच्या बायका कांड्या थांबवून पाहत होत्या.

नरसम्माने आतून तांब्याभर पाणी आणलं. "कूर्चो अम्मा (बस बाई)," म्हणाली, जरी मी बसलेलीच होते. माझा श्वास जागेवर येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "आमचा जिना लई उभा हाय. तुम्ही पडलात तर मी कुणाला कळवायचं, म्हणून विचारलं. बाकी तुमचं मला काय करायचंय?"

जिना खरंच उभा होता. दोरी धरून चढावा लागला. वर एकच खोली, दोन खिडक्या, पत्र्याखाली ऊन भरलेलं, आणि खालच्या मागाने जमीन हलकी थरथरत होती. लिंबाचं झाड नाही, विहीर नाही, नळाला पाणी दिवसातून एकदाच. दुधनीच्या घराची सर नव्हती. पण भाडं माझ्या पेन्शनीत बसत होतं. दार उघडून नरसम्मा बाजूला झाली आणि मला आधी आत जाऊ दिलं.

खाली येऊन तिने मागावर बसलेल्या नवऱ्याला तेलुगूत ओरडून काहीतरी सांगितलं. मागाच्या आवाजाने त्याचे कान गेलेले. त्याने दुसऱ्यांदा ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि धोटा पुन्हा धावू लागला. माझ्या म्हातारपणाचा प्रश्न एवढ्यात सुटला. मी यायला दीड वर्ष आहे हे सांगून आगाऊ भाडं नरसम्माच्या हातावर ठेवलं.

"एक हाय," नरसम्मा म्हणाली. "नर्स हाय म्हटल्यावर गल्ली सुई टोचून घ्यायला दारात येईल. फुकट करायचं नाही. आम्ही चादर फुकट देतो का कुणाला?"

पुण्याला दादा पुन्हा फलाटावर होता. मी सांगितलं, खोली ठरली. तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला काय सांगू?"

"गुडघे डॉक्टरांना दाखव म्हणावं. चांगल्या डॉक्टरांची चिठ्ठी मी देते."

"लोक मला विचारतील, बहिणीला का ठेवून घेतलं नाही."

"सांग, ती काय वस्तू आहे ठेवायला?" मी म्हणाले. तो दुखावला. मलाही वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

पुढचा प्रवास मी खिडकीशी बसून केला. खोली मिळाल्याचं समाधान होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या उभ्या जिन्यावरून उतरताना माझे डोळे भरून आले होते, ते मला राहून राहून आठवत होतं. पैसे देऊन एक खोली घेतली, त्यात डोळे भरून येण्यासारखं काय होतं? रुग्णालयातला कुठलाही पुरुष कर्मचारी निवृत्त होऊन गावोगाव घर पाहायला गेला असता तर त्याला हवा मानवेल का, पाणी पुरेल का, एवढंच विचारलं असतं. त्याला कोणाचे उपकार वाटले नसते. नरसम्माबद्दल मला माया वाटते ती वाटतेच. पण साध्या व्यवहाराबद्दल कृतज्ञ व्हायची पाळी माझ्यावर आणणाऱ्यांना मी अजून क्षमा केलेली नाही, आणि ती करायची घाईही मला नाही.

रजेवरून परतल्यावर दोन दिवसांनी पेन्शनच्या कागदांसाठी कार्यालयात गेले. कारकुनाने माझं नाव लिहिलं. निवृत्तीनंतरचा पत्ता मी सांगितला, भवानी पेठ, सोलापूर. त्याने आधी सवयीने 'मार्फत' असं लिहिलं, लेखणी थांबवली आणि मान वर न करता विचारलं, "मार्फत कोण?"

मी त्याच्या हातातली लेखणी घेतली आणि तो शब्द खोडला. खोडलेल्या जागेशेजारी, खाडाखोडीच्या नियमाप्रमाणे, माझी सही केली.