गुणवंतीबाईंनी वाढवलेला वावळ

गिरगावातल्या गुणवंतीबाईंच्या हाताला चव होती, हे सारी वाडी सांगे. सांगत नव्हते ते एकटे त्यांचे सासरे, अप्पा. अठरा वर्षं थोरल्या सुनेच्या हातचं जेवून ते मुकाट्याने उठत आणि तपकिरीची चिमूट नाकात कोंबत.

अप्पा चीनशी व्यापार करणाऱ्या एका पेढीत कारकून होते. १८९२ साली नोकरी संपली तेव्हा शेटजींनी त्यांना एक बुटकं झाड भेट दिलं. निळ्या पसरट कुंडीतला वीतभर उंचीचा चिनी वावळ. आपल्याकडचा वावळ घराच्या कौलांच्याही वर जातो. हा तीस वर्षांचा, आणि पानं नखाएवढी. अप्पांनी त्याची निगा धाकट्या सुनेवर सोपवली.

"मालनची बोटं बारीक आहेत," ते म्हणाले.

गुणवंतीबाईंनी आपली बोटं पदराखाली घेतली.

पौषात पानं गळली की मालन पाणी कमी करी. झाड बुटकंच राहावं म्हणून फाल्गुनात ते कुंडीबाहेर काढून मुळं छाटी. चैत्रात पालवी फुटली की दोन पानं ठेवून शेंडा खुडी, पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून आत ओढी. दर वेळी अप्पा खुर्ची घेऊन शेजारी बसत. "वा, पोरी!" हे शब्द स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येत, आणि त्या दिवशी फोडणी हमखास करपे.

"उपाशी ठेवून कुणी झाड वाढवतं का गं?" गुणवंतीबाईंनी रखमा कोळणीला विचारलं.

"माझ्या दारचा कढीलिंब बगा बाय," रखमा टोपली उचलत म्हणाली. "म्हावऱ्याच्या पान्यावर कसा माजलाय!"

१८९४च्या चैत्रापासून दुपारी घर निजलं की गुणवंतीबाई कोळंबीचं धुवण लोट्यातून नेऊन हळूच कुंडीत ओतू लागल्या. आपल्या हातून झाड फोफावलेलं अप्पांनी एकदा पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

झाड फोफावलं. पानं बोटाएवढी झाली, फांद्या झिपऱ्यांसारख्या सुटल्या. मालन खुडून खुडून थकली. शेजारचा बोका रोज कुंडी चाटायला येई. मालन त्याला हाकलून देई, वाकून माती हुंगे आणि स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून उठे. अप्पांचं नाक तपकिरीने केव्हाच मेलं होतं. पण डोळे शाबूत होते.

ज्येष्ठात ते कडाडले. "मालन, काय दशा केलीस ही? तीस वर्षांची मेहनत मातीत घातलीस!"

"चुकलं, मामंजी," मालन मान खाली घालून म्हणाली.

दारात उभ्या गुणवंतीबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण ही बया बोलणी खातानाही गोड दिसत होती! आणि अप्पांचा आवाज लगेच मऊ झाला. "बरं, डोळे पूस. यंदा हवाच तशी होती."

हवा! तीन महिने दुपारची झोप मोडली ती हवेच्या नावावर?

"हवा नव्हे," गुणवंतीबाई पुढे आल्या. "मी वाढवलंय ते. कोळंबीचं पाणी घालून. अठरा वर्षं घर पोसलं, ते कुणाला दिसलं नाही. म्हटलं, झाड तरी दिसेल."

अप्पांनी झाडाकडे पाहिलं. मग कधी नव्हे ते सुनेच्या हळदीने पिवळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं.

"पोसलंस खरं," ते म्हणाले आणि कात्री गुणवंतीबाईंपुढे धरली. "आता कापायचंही तूच."

मालनने कुंडी धरली. "वहिनी, दोन पानं ठेवून..."

"ठाऊक आहे. दोन वर्षं चुलीपाशी बसून हेच ऐकतेय."

जाड बोटांत कात्री नीट बसेना. पहिली फांदी पडली ती त्यांनी उचलून पदरात घेतली. दिवेलागणीपर्यंत झाड बोडकं झालं. अप्पा "वा" म्हणाले नाहीत; पण खुर्ची मात्र शेवटपर्यंत शेजारीच होती.

अप्पा गेल्यावरही तो वावळ गुणवंतीबाईंकडेच राहिला. फाल्गुनात मुळं त्याच छाटत, चैत्रात शेंडे त्याच खुडत. मालन जवळ आली की म्हणत, "तू राहू दे गं. तुझी बोटं फार बारीक आहेत."