सरांच्या लॅपटॉपची दुसरी बॅटरी

आई-वडिलांनंतर मी कुणाला मानत असेन, तर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म सरांनी शेजारी बसून भरून घेतला. प्रयोगशाळेत त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे: "आधी करंट तोड, मग हात लाव."

सर आता निवृत्त आहेत, पण संध्याकाळी समाजमंदिरात मुलांना शिकवतात. त्यांचा लॅपटॉप वीस वर्षांपूर्वीचा, विटेसारखा जाड. आवाज, उष्णता मोजायची उपकरणं त्यांनी स्वतः बनवलीत, आणि ती जोडायला लागणारं रुंद पोर्ट नव्या लॅपटॉपला नसतं. संध्याकाळी हमखास लाईट जाते, तेव्हा वर्ग बॅटरीवर चालायचा. दोन बॅटऱ्या होत्या. दोन्ही बसल्या, आणि तसल्या आता विकत मिळत नाहीत.

मी कुवेतच्या नोकरीतून सुट्टीवर गावी गेलो होतो. म्हणालो, "द्या सर, लॅपटॉपसकट कुवेतला नेतो आणि नवे सेल घालतो."

"जमेल ना? दोनच आहेत बघ."

"जमेल सर."

कुवेतला परतल्यावर रिग्गई भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये पहिली बॅटरी उघडली. आत सहा सेल आणि सर्किटची एक छोटी पट्टी. सरांचा नियम पाठ होता. आधी सगळ्या तारा कापल्या, मग निवांत नवे सेल जोडले. मीटर लावला. सेल भरलेले, पण बाहेर शून्य. तीन दिवस खटपट केली तरी शून्यच.

तिथल्याच खैतान भागात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारे रत्नागिरीकडचे एक भाई आहेत. त्यांनी पट्टी भिंगाखाली धरली.

"सेल आधी तोडलेस काय?"

"हो. शॉर्ट होऊ नये म्हणून."

"मोठा इंजिनेर! अरे, या पट्टीतली चिप सेल तुटले की कुलूप घालून बसते. मग वर सोन्याचे सेल लाव, ती उघडायची नाय."

"तुम्हाला उघडता येईल?"

"मला येत असतं तर मी हितं फोनच्या काचा बदलत बसलो असतो?"

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. "झाल्या का रे दोन्ही?" "काम चालू आहे, सर," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

माझा परभणीचा एक सहकारी रविवारी गावी निघाला होता आणि लॅपटॉप तोच नेणार होता. शुक्रवारी भाई जुम्म्याची नमाज पढून आले. दुकान चारपर्यंत बंदच असतं. त्यांनी अर्धं शटर ओढलं आणि वाळूची बादली माझ्या पायाशी ठेवली.

"ही कशाला?"

"पेटलं तर टाकायला. कुवेतमध्ये दुसरं काय फुकट मिळतं?"

भाईंच्या सांगण्याप्रमाणे या दुसऱ्या बॅटरीत करंट तोडायचा नव्हता. नवे सहा सेल आधीच जोडून, त्यांचं व्होल्टेज जुन्याइतकंच आणून ठेवलं होतं. त्यांच्या चार तारा पट्टीवर लावायच्या, आणि त्या बसल्यावरच जुने सेल कापायचे. मधल्या काळात सगळं जिवंत. सोल्डरिंगची टोकदार सळई चुकून दोन जागांना एकदम टेकली तर चिप तरी जाणार, नाहीतर आग तरी लागणार.

पहिली तार बसली. दुसरीही बसली. तिसऱ्या तारेला घामानं बोट घसरलं आणि बारीक ठिणगी उडाली. मी हात मागे घेतला.

"मेली का?"

"थांब. हात लावू नको." भाईंनी मीटरची टोकं टेकवली. आकडा यायला क्षणभर लागला. "हाय अजून. तार नुसती घासून गेली. पाणी पी."

"भाई, ही तुम्हीच करा."

"सर तुझे की माझे?"

हात पँटला पुसले. तिसरी बसवली, चौथी बसवली. मग जुन्या सेलच्या तारा एकेक करून कापल्या. प्रत्येक कापण्याला भाई मीटर बघून "हाय," म्हणत होते. शेवटच्या तारेनंतर ते काहीच बोलले नाहीत. मी वर बघितलं.

"अरे हाय, हाय! मला शिंक येत होती."

बॅटरी लॅपटॉपमध्ये सरकवली, चार्जिंगची केबल काढून घेतली आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. पडद्यावर सरांच्या वर्गाचं वेळापत्रक आलं.

शनिवारी लॅपटॉप पुरता चालवून, तपासून पिशवीत भरला. वर हे पत्र ठेवलं.

"आदरणीय सर,

लॅपटॉप पाठवत आहे. त्यात बसवलेली बॅटरी चांगली आहे. सोबत आधी उघडलेल्या बॅटरीचं सेल काढलेलं खोकं आहे, आत सर्किटची पट्टी तशीच आहे. ती माझ्या हातून कायमची गेली. तुम्ही फोन केलात तेव्हाच ती गेलेली होती, आणि मी काम चालू आहे असं सांगितलं. तुमच्याशी खोटं बोललो, माफ करा.

मी आधी करंट तोडला होता. अशा बॅटरीत तो तोडायचा नसतो, हे इथल्या एका भाईंनी शिकवलं. मी विचारायला उशिरा गेलो. खोकं मुलांना उघडून दाखवा आणि कुणी बिघडवलं तेही सांगा.

इथे लॅपटॉप बॅटरीवर एक तास चाळीस मिनिटं चालला. लाईट गेल्यावर तिकडे किती चालतो, ते कळवा.

तुमचा विद्यार्थी"