सिस्टर येणार होत्या

धारवाडजवळच्या नवनगरात आमच्या शेजारी यमुनाक्का राहतात. ब्लाउज शिवून पोट भरायचं आणि सवड मिळाली की अळणावरकडच्या खेड्यांत जाऊन एका हौशी मंडळाबरोबर नाटक करायचं, अशी बाई. कोरोनाची दुसरी लाट आली, जाणंयेणं बंद झालं, तेव्हा मंडळानं तिथल्या मजूर वस्त्यांसाठी मोबाईलवरच नाटक पाठवायचं ठरवलं. यमुनाक्का त्यात दवाखान्यातली सिस्टर झाल्या. चित्रण मी केलं, त्यांच्याच स्वयंपाकघरात. लोकांनी मास्क घालावा म्हणून सिस्टर सबंध नाटकात मास्क काढत नाही. टोपी आणि मास्कमध्ये दिसतात ते नुसते डोळे. शेवटी ती घाबरलेल्या बाईला म्हणते, "तयार राहा, मी येते," आणि हात धरून तिला दवाखान्यात नेते. शंका विचारायला म्हणून खाली यमुनाक्कांचा नंबर दिला होता.

शंका राहिल्या बाजूला, लोक सिस्टरशीच बोलू लागले. गोदावरी नावाच्या शेतमजूर बाईनं तर थट्टेनंच सुरुवात केली. "सिस्टर, डोळ्यांवरनं लई कडक दिसता. घरधनी भीत असत्याल!"

मग एके दिवशी तिलाच ताप आला. बोलताना धाप लागायची.

यमुनाक्कांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला. "दवाखान्याची गाडी पाठवते गं, तीत बस."

"गाडीनं नेल्याली मान्सं परत येत न्हाईत. तुमी आलात तर बसते."

"अगं, मी नाटकातली. खरी सिस्टर नव्हे."

"आजारी माणसाची चेष्टा करू ने, सिस्टर."

यमुनाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाल्या, "बरं. तयार राहा, मी येते."

मी त्यांना अडवलं नाही. म्हटलं, एकदा गाडीत बसू दे, पुढचं देव बघेल.

गाडी गेली. गोदावरी गाठोडं घेऊन उंबऱ्यावर बसली होती. सिस्टर दिसेनात, तशी ती उठेना. ड्रायव्हरचा फोन आल्याबरोबर यमुनाक्का नेसत्या साडीनिशी माझ्या स्कूटरवर बसल्या. धारवाडच्या वेशीवर पोलिसानं अडवलं.

"पास कुठाय? नर्स आहात काय?"

"नाही. नाटकात करते."

"मग घरी जाऊन नाटक करा. होगरी, अक्का, निघा."

रस्त्याकडेलाच त्यांनी गोदावरीच्या मुलाला, उमेशला, व्हिडिओ कॉल लावला. तिला चेहरा दिसावा म्हणून मास्क खाली ओढला.

"गोदावरी, बघ, मीच बोलतेय."

गोदावरी बघत राहिली. "ही कोण रं बाई? सिस्टरला बोलीव."

"मीच ती गं!"

आवाज तुटत होता. चूक ध्यानात येऊन यमुनाक्कांनी मास्क परत वर घेतला, तोवर कॉल गेला होता. पुन्हा लागलाच नाही. गाडी रिकामी परत आली.

दिवेलागणीला त्या आमच्या दारात आल्या आणि मोबाईल माझ्या हातात दिला. त्यावर उमेशनं पाठवलेला आवाजी निरोप होता. "सिस्टर, आई गेली. तुमी वाटंत असाल तर माघारी फिरा. उगीच तरास तुमाला."

मी देवापुढे बसले, तर काय मागावं ते कळेना. यमुनाक्का उभ्याच होत्या.