नखआत्येचा अंगठा

तिच्या हातांची नऊ नखं कातरलेली असत, आणि उजव्या अंगठ्याचं दहावं तेवढं वाढवलेलं. त्या नखाखाली नेहमी कुणाच्या तरी घरचा चुना. ती माझ्या बायकोची, इंदूची, थोरली आत्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक वाडी आहे, तिथं राहायची. लहान वयात विधवा झालेली, शेतीभाती आणि गुरं एकटीनं सांभाळणारी. तिच्या माघारी सगळे तिला नखआत्या म्हणत. तोंडावर नुसतं आत्या, तेही जरा लांबूनच.

भावकीतल्या कुठल्याही मुलीसाठी घर बघायला जायचं झालं की आत्या पुढं. मुलगा काय शिकला, जमीन किती, हे पुरुष विचारत. आत्या चहाची कपबशी हातात घेऊन माजघरात शिरायची आणि कपाटामागची भिंत नखानं खरवडायची. वरचा रंग जगासाठी आणि खालचा खरा, हे तिचं शास्त्र. “हिरवा लावणारा चिकट. मळ दिसू नये म्हनून लावतो.” “नीळ जास्त पडली, म्हंजे घरात भांडान हाय. पांढरं दाखवायची घाई.” आणि गुलाबीचं नाव काढलं की ती नाकच मुरडायची. “गुलाबी भिंतीवाली मानसं लाडावलेली. त्यांच्यावर इसंबू नये.”

नाते गावचं एक चांगलं स्थळ तिनं भिंतीत सात थर निघाले म्हणून मोडलं. पुढं कळलं की मुलाचा बाप रंगारीच होता, कामावरचा उरलेला रंग घरी लावायचा. आत्येला हे सांगितलं तर म्हणाली, “उरलेला घरी लावतो, त्योच तर वांधा हाय!”

मुंबई राज्याचं महाराष्ट्र होण्याच्या दोनेक वर्षं आधी ही बाई इंदूसाठी घर बघायला आमच्या महाडच्या घरी यायची ठरली. मी तेव्हा कचेरीत कारकून होतो. इंदूला पोलादपूरच्या एसटी थांब्यावर एकदाच पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर लग्न करीन तर हिच्याशीच असं मनात ठरवून मोकळा झालो होतो. मग आईकरवी तिच्या घरी शब्द टाकला. इंदूला अर्थातच माझ्या ठरवण्याचा पत्ता नव्हता.

अडचण भिंतीची होती. त्या साली सावित्री नदीच्या पुराचं पाणी माजघरात माझ्या छातीला लागलं होतं, आणि ओसरताना चारी भिंतींवर गाळाची तपकिरी रेघ ठेवून गेलं होतं. छातीएवढ्या पाण्यात मुलगी कोण देणार? मी स्वतः कुंचला घेतला आणि चुन्याचे तीन हात दिले. निम्मा चुना भिंतीला लागला, निम्मा मला. आई म्हणाली, “भिंतीपेक्षा तूच उजळलास.”

मार्गशीर्षात आत्या भावाला, म्हणजे इंदूच्या वडिलांना, घेऊन आली. दारातच थबकली. “एवढं पांढरं? चुना कुनी लावला?”

“मीच.”

“दिसतंय. कोपऱ्यात हात पोचला नाय तुजा.”

मग कपबशी माझ्याच हातात देऊन तिनं बरोब्बर छातीच्या उंचीवर नख टेकवलं. पापुद्रा पडला, खालून तपकिरी रेघ हसली.

“ही काय रेघ रे, कारकुना?”

“ओल आहे जरा.”

तिनं हातभर पुढं खरवडलं. पुन्हा तीच रेघ, त्याच उंचीवर. “ओल सरळ रेघंत चालते होय? कचेरीत शिकवलीत वाटतं तिला.”

इंदू गेलीच असं समजून मी खरं काय ते सांगून टाकलं. “पूर येतो, आत्या. यंदा इथवर आला.”

“तवा तू कुटं होतास?”

“माळ्यावर. आईला पाठुंगळी घेऊन चढवलं. मग शिडी वाहून गेली. दोन दिवस भिजलेले पोहे खाल्ले. उतरताना मात्र आईनंच मला धरलं.”

आत्येनं रेघेवरून अंगठा फिरवला. “मग पुसलीस कशाला? या घरातली तेवडीच गोष्ट खरी व्हती.”

इंदूच्या वडिलांनी विचारलं, “काय मग, आक्का?”

“बघू. पावसाळा जाऊ दे.”

पावसाळ्याला अजून सहा महिने होते, आणि तो संपायला दहा. तो अख्खा पावसाळा मी आभाळाकडं संशयानं बघण्यात काढला. रेघेवरचा चुना मात्र दुसऱ्याच दिवशी खरवडून काढला होता. दसऱ्याला आत्या पुन्हा आली, उघडी रेघ बघितली, भावाकडं बघून मान हलवली आणि लग्न ठरलं. पण तोंडानं ‘हो’ ती म्हणाली नाही. पुढं दरसाल येऊन भिंत खरवडायची. मी तिच्या पसंतीला उतरलो की नाही, हा संशय मला दहा वर्षं पुरला.

मी तिच्यावर उलटा संशय घेत असे. वाडीवर गेलं की आमचं चहापाणी ओटीवर. आतल्या खोलीचं दार कायम लोटलेलं. इंदूसुद्धा कधी आत गेलेली नव्हती. जगाच्या भिंती खरवडणारी ही बाई स्वतः काय झाकते?

एका वैशाखात ती अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा ते दार उघडं होतं. आतून आवाज आला, “कारकुना, आत ये. एकटाच ये.”

खोली गुलाबी होती. चारी भिंती, अगदी आढ्यापर्यंत.

“नख लाव,” ती म्हणाली.

“नको, आत्या.”

“लाव रे. माजंच घर राह्यलंय बघायचं.”

मी तिच्या उशाशी भिंत खरवडली. खाली गुलाबी. त्याखाली पुन्हा गुलाबी.

“नवी नवरी आले तवा आमच्या ह्यांनी पयला हात दिला. चुन्यात हिरमुजीची लाल भुकटी घालून. दुसरा द्यायला ते राह्यले नायत. मंग मीच देते दरसाल.” दम लागला म्हणून ती थांबली. मग मिस्किल बघत म्हणाली, “आता तू सांग. देशील पोरगी असल्या घरात?”

मला ‘हो’ म्हणायचं होतं. पण तिच्यासमोर रडायची मला भीती वाटली. मी म्हणालो, “बघू. पावसाळा जाऊ दे.”

ती इतकी हसली की ठसका लागला आणि इंदू धावत आत आली.

आत्या श्रावणात गेली. पावसाळा जायला अजून दीड महिना होता.